भाषणाची तयारी: एका वेळी एकच गोष्ट अवघड करा

सभेत बोलायला घाबरणाऱ्याला बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, "दोन-चारदा बोललास की भीती मोडेल." हे अर्धंच खरं आहे. दोन-चारदा बोलून भीती मोडते, तशी ती पक्कीही होते. पहिल्याच खेपेला शंभर अनोळखी माणसं, दहा मिनिटांचा वेळ, कधी हातात न धरलेला माइक, आदल्या रात्री वाचून काढलेला विषय आणि घोकून पाठ केलेलं भाषण, असं सगळं एकदम अंगावर आलं आणि मध्येच त त प प झालं, तर पुढच्या वेळी नाव पुकारलं जाताच तोच प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो. अशा माणसात धीर कमी नसतो. चार-पाच अवघड गोष्टी त्याने एकाच दिवशी उचललेल्या असतात.

बोलणं अवघड कशाने होतं ते आधी सुटं करून बघू. किती वेळ बोलायचं आहे. ऐकणारे किती आहेत, ओळखीचे आहेत की परके. विषय किती मुरलेला आहे. हातात पूर्ण मजकूर आहे, नुसते मुद्दे आहेत की काहीच नाही. बसून बोलायचं की उभं राहून. माइक आहे का. शेवटी प्रश्न येणार आहेत का. दर पायरीवर यातली एकच गोष्ट वाढवायची, बाकीच्या होत्या तिथेच ठेवायच्या. वेळ एक मिनिटावरून तीन मिनिटांवर नेलात तर ऐकणारे तेच ठेवा. ऐकणारे वाढवलेत तर भाषण तेच ठेवा. असं केलं की बिघडलं तरी कशामुळे बिघडलं हे लगेच कळतं. दोन गोष्टी एकदम वाढवल्या की ते कळत नाही, आणि मग माणूस सगळा दोष स्वतःच्या स्वभावाला देऊन मोकळा होतो.

पहिले दोन आठवडे एकट्याने

रोज दहा मिनिटं पुरतात, पण ती मोठ्याने आणि उभं राहून बोलण्यात गेली पाहिजेत. मनातल्या मनात केलेली उजळणी सरावात धरू नका. मनात वाक्य कधी अडखळत नाही, श्वास संपत नाही, जोडाक्षर जिभेवर अडत नाही.

विषय असा घ्या, ज्यासाठी काही वाचावं लागणार नाही. सायकलची उतरलेली चेन कशी चढवायची, शर्टाला बटण कसं लावायचं, असं काहीही चालेल. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा, एक मिनिट बोला, थांबा. पहिल्या दिवशी हे ऐकताना बहुतेकांना स्वतःचा आवाज पातळ आणि परका वाटतो आणि अनेक जण तिथेच सोडून देतात. त्यामागचं कारण साधं आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून खालच्या पट्टीचा भाग जास्त पोचतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. बाकीच्या जगाला तुमचा आवाज पहिल्यापासून असाच ऐकू येत आला आहे. पाच-सहा वेळा ऐकलं की कानाला सवय होते.

एक रेकॉर्डिंग तीनदा ऐका आणि दर वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. पहिल्यांदा नुसतं ऐका, समजतंय का बघा. दुसऱ्यांदा कागदावर रेघा मारत 'म्हणजे', 'तर', 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'काय आहे ना' आणि 'अं' मोजा. तिसऱ्यांदा फक्त वाक्यांचे शेवट ऐका.

वाक्याच्या शेवटाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण मराठी बोलणाऱ्याचं सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. आपलं क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. "ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही" या वाक्यातला सगळा अर्थ शेवटच्या शब्दात आहे. श्वास संपत आला की आवाज नेमका तिथेच खाली जातो आणि मागच्या रांगेत "ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची" एवढंच पोचतं. अर्थ उलटा झाला आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. शब्द खाण्याची ही सवय मोडायला एक सोपा व्यायाम आहे. नकाराने संपणारी दहा वाक्यं लिहा आणि शेवटचा शब्द बाकीच्या वाक्याइतक्याच जोरात म्हणा. सुरुवातीला ते नाटकी वाटेल. रेकॉर्डिंग ऐकलंत की दिसेल, ऐकणाऱ्याला ते नाटकी वाटत नाही, नुसतं स्पष्ट वाटतं.

शेवट पडण्याचं मूळ श्वासात आहे. एका दमात बारा ते पंधरा शब्दांपेक्षा मोठं वाक्य घेऊ नका. मोठं वाक्य आलंच तर ते कुठे तोडायचं हे आधी ठरवा. पोटावर हात ठेवून श्वास घेतला की हात बाहेर आला पाहिजे. खांदे वर जात असतील तर श्वास वरच्या वर चाललाय, आणि तो अर्ध्या वाक्यात संपणार.

'म्हणजे' आणि 'अं' यांचं कारण वेगळं. पुढचं वाक्य मनात जुळत असतं, आणि तेवढा वेळ गप्प राहणं अवघड वाटतं म्हणून तोंड आवाज करत राहतं. यावर 'अं म्हणायचं नाही' असं स्वतःला बजावून उपयोग होत नाही, कारण मग लक्ष त्या 'अं'वरच खिळतं. त्याऐवजी वाक्य संपलं की ओठ मिटायचे. ओठ मिटलेले असताना 'म्हणजे' बाहेर पडू शकत नाही. नाकाने श्वास घ्यायचा, पुढचं वाक्य सुचू द्यायचं, मग तोंड उघडायचं. बोलणाऱ्याला हा थांबा फार लांब वाटतो. रेकॉर्डिंगवर घड्याळ लावून बघा, तो सेकंद-दीड सेकंदाचा निघतो, आणि ऐकणाऱ्याला तेवढी उसंत हवीच असते. मिनिटाला दोन-तीन 'म्हणजे' राहिले तर त्यांचा पाठलाग करू नका, तेवढे कुणाच्या कानाला लागत नाहीत.

याच दोन आठवड्यांत स्वतःचा वेग मोजून ठेवा. ओळखीच्या विषयावर तीन मिनिटं बोला, रेकॉर्डिंग ऐकून शब्द मोजा, तीनने भागा. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपला आकडा इंग्रजीच्या आकड्याहून कमी येतो. १०० ते १२० च्या आसपास असाल तर बहुतेक सभांना ते सोसतं. १४० च्या वर गेलात तर वेग कमी करायच्या मागे न लागता वाक्यांमधले थांबे वाढवा. शब्द ओढून ओढून बोललेलं फार लवकर कंटाळवाणं होतं.

आरशासमोर सराव करावा का, हे हमखास विचारलं जातं. सल्ला जुना आहे. ग्रीक वक्ता डेमोस्थिनीसने घरात मोठा आरसा लावून आणि तोंडात खडे धरून सराव केल्याचं प्राचीन चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. खडे घशात अडकू शकतात, ते नकोतच. आरसाही नवख्याने टाळावा असं माझं मत आहे. त्यात बोलणारा आणि बघणारा तुम्हीच होता आणि दोन्हीकडचं लक्ष अर्धं होतं. आधी बोलून घ्या, मग रेकॉर्डिंग बघा.

मजकूर: आधी बोला, मग लिहा

तिसऱ्या आठवड्यात वेळ तीन मिनिटांवर न्या. आता मजकुराला आकार लागतो. तीन मिनिटांत एकच गोष्ट मावते. ती एका वाक्यात लिहा, आणि ते वाक्य ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहा, म्हणजे हे ऐकून उठणारा माणूस काय करेल किंवा काय ध्यानात ठेवेल. असं वाक्य लिहिता येत नसेल तर भाषण अजून तयार नाही, कितीही माहिती गोळा केलेली असली तरी.

उदाहरण घेऊ. विषय आहे भाजल्यावरचा प्रथमोपचार. नेहमीची सुरुवात अशी असते: "आज मी आपल्यासमोर प्रथमोपचार या अत्यंत महत्त्वाच्या विषयावर माझे विचार मांडण्यासाठी उभा आहे. आजच्या धावपळीच्या युगात..." वीस सेकंद गेली आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागलं नाही. नमनालाच घडाभर तेल. आता ही सुरुवात बघा: "हात भाजला की पहिली वीस मिनिटं तो नळाच्या गार धारेखाली धरायचा. बर्फ लावायचा नाही. टूथपेस्ट लावायची नाही. नुसतं पाणी, वीस मिनिटं." दहा-बारा सेकंदांत मुख्य गोष्ट सांगून झाली. कुणी इथेच उठून गेलं तरी कामाची गोष्ट घेऊन जाईल, आणि जो बसेल तो 'बर्फ का नको' हे ऐकायला बसेल.

या भाषणाचं कार्ड असं होईल:

वीस मिनिटं गार पाणी
बर्फ का नको
अंगठी, घड्याळ लगेच काढा
फोड फोडू नका, स्वच्छ झाका
डॉक्टर: तळहाताहून मोठं, चेहरा, सांधे

पाच ओळी, एका ओळीत तीन ते पाच शब्द, आणि अक्षर हातभर अंतरावरून वाचता येईल एवढं मोठं. कार्ड पोस्टकार्डाएवढं आणि जाड कागदाचं घ्या. पातळ कागद हाताच्या कंपाने फडफडतो, तो आवाज माइक पकडतो, आणि आपला हात थरथरतोय हे बघून माणूस आणखी घाबरतो. एकाहून जास्त कार्डं असली तर कोपऱ्यात क्रमांक टाका. खाली पडून विस्कटली तर तेच वाचवतात.

आता यातल्या प्रत्येक ओळीवर अर्धा मिनिट बोला. कार्ड करण्याआधी भाषण सलग लिहून काढायचा मोह होईल, तो आवरा. लिहिताना आपण 'त्याचप्रमाणे', 'या अनुषंगाने', 'नमूद करावेसे वाटते' असे शब्द वापरतो. ते डोळ्यांना चालतात, जिभेला जड जातात. आधी फोनमध्ये बोला, ऐका, एखादं वाक्य चांगलं जमलं असेल तेवढंच लिहून घ्या. असं तयार झालेलं भाषण बोलीतलं राहतं.

पूर्ण भाषण पाठ केलं की काय होतं ते कुणाच्याही चेहऱ्यावर वाचता येतं. डोळे छताच्या कोपऱ्यात जातात, सूर एकसारखा होतो, ऐकणाऱ्यांपैकी कुणी मान हलवली तरी दिसत नाही. आणि मुख्य म्हणजे पाठांतरात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या धक्क्याने सुटतं. एक शब्द निसटला की पुढचा सगळा मजकूर अडतो. म्हणून पाठ करायचं ते एवढंच: पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य. पहिली दोन, कारण तेव्हा छाती सर्वांत जास्त धडधडत असते. शेवटचं, कारण ते ठरलेलं नसलं की माणसाला थांबता येत नाही. "तर असं आहे... एवढंच सांगायचं होतं... अजून एक मुद्दा राहिला..." हे तिथूनच येतं. नावं, तारखा, आकडे पाठ करू नका. कार्डावर लिहा आणि खुशाल वाचा. आकडा कागदात बघून सांगितला तर ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतोच.

ऐकणारे आणायचे कसे

पहिला श्रोता एकच असावा, घरातला किंवा मित्रांतला. त्याला "कसं झालं?" असं विचारू नका. "छान झालं" हेच उत्तर येणार, आणि त्यातून काही शिकता येत नाही. "काय लक्षात राहिलं?" असं विचारा. वीस मिनिटं गार पाणी हे त्याने आपणहून सांगितलं तर भाषण पोचलं. त्याला फक्त अंगठीचा किस्सा आठवत असेल तर किस्सा मुद्द्यावर स्वार झालाय, तो निम्मा करा. दुसरा प्रश्न: "कुठे लक्ष उडालं?" माणसं याचं उत्तर बरोबर देतात. आणि तिथे बहुतेक वेळा दोन मुद्द्यांमधला सांधा निसटलेला असतो.

मग तीन श्रोते, मग आठ-दहा. या सगळ्या पायऱ्यांवर भाषण तेच ठेवा. नवीन भाषणं तयार करत राहण्यापेक्षा एकच भाषण पाच वेगवेगळ्या माणसांसमोर करणं कितीतरी फायद्याचं आहे. मजकुराची चिंता मिटली की नजर, आवाज, थांबे यांकडे बघायला डोकं मोकळं राहतं. मोठे वक्ते हेच करतात. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या सभेत, लिहून आणलेला मजकूर बाजूला ठेवून 'माझं एक स्वप्न आहे' हा भाग बोलून दाखवला, ही गोष्ट नेहमी उत्स्फूर्ततेचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण स्वप्नाची ती मांडणी त्यांनी दोनच महिने आधी, जूनमध्ये, डेट्रॉइटच्या सभेत केलेली होती. कागद सोडून बोलता आलं, कारण शब्द तोंडात बसलेले होते.

आठ-दहा जणांचा गट मिळणं अनेकांना अवघड जातं. १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे सुरू केलेले टोस्टमास्टर्स हे भाषणाचा सराव करणाऱ्यांचे क्लब आज जगभर आहेत आणि त्यांची पद्धत या कामासाठी चांगली आहे. नेहमीचं भाषण पाच ते सात मिनिटांचं असतं. पाच मिनिटांना हिरवा दिवा लागतो, सहाला पिवळा, सातला लाल. एक जण 'अं' आणि 'म्हणजे' मोजतो, एक जण वेळ बघतो, एक जण भाषणाचं मूल्यमापन करतो. क्लब जवळ नसेल तर चार मित्रांत हीच कामं वाटून घ्या. दिव्यांऐवजी रंगीत कागद चालतात. एकच पथ्य पाळा. एका भाषणावर एकाच सुधारणेची सूचना द्यायची. चार सूचना एकदम मिळालेला माणूस पुढच्या वेळी चारही गोष्टी सांभाळायला जातो आणि मजकूर विसरतो.

इथेच नजर आणि पाय यांचा सराव करून घ्या. नजर सगळ्यांवरून फिरवत राहायची नसते. एका माणसाकडे बघून एक पूर्ण वाक्य बोला, क्रियापदापर्यंत, मग दुसऱ्याकडे वळा. मोठ्या सभागृहात चार-पाच ठिकाणं ठरवा: पुढची डावी, पुढची उजवी, मध्य, मागचे दोन कोपरे. पायांत खांद्यांएवढं अंतर ठेवा आणि वजन दोन्ही पायांवर सारखं असू द्या. एका पायावरून दुसऱ्यावर झुलणं बोलणाऱ्याला जाणवत नाही, पण समोरच्यांना ते दिसत राहतं. चालायचं असेल तर मुद्दा बदलताना चाला, मुद्दा चालू असताना थांबा. हातात पेन ठेवू नका, दोन मिनिटांत त्याची टिकटिक सुरू होते.

धडधड, कोरडा घसा आणि डोकं रिकामं होणं

नाव पुकारलं की शरीरात ॲड्रिनलिन वाढतं. हृदय वेगाने चालतं, तोंडाला कोरड पडते, तळव्यांना घाम येतो, पोटात गोळा येतो. हा जोर बहुतेकांत सुरुवातीच्या मिनिट-दोन मिनिटांत सर्वांत जास्त असतो आणि मग ओसरायला लागतो. म्हणून पहिली दोन वाक्यं पाठ, म्हणून पहिला मुद्दा सर्वांत सोपा.

स्टेजवर जाण्याआधी एक मिनिट चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. सहा वेळा केलं की मिनिट होतं. सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब असणं महत्त्वाचं आहे, कारण श्वास सोडताना हृदयाचा वेग कमी होतो. त्याउलट घाईघाईने मोठमोठे श्वास घेतले तर चक्कर आल्यासारखं होतं. पाणी घोट-घोट आणि साधंच प्या.

स्वतःला "शांत हो, शांत हो" म्हणणं मात्र फारसं कामाला येत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी 'मी उत्साहात आहे' असं मोठ्याने म्हणणारे लोक 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं बोलले. हे पटण्यासारखं आहे. धडधडत्या छातीला शांत म्हणणं खोटं वाटतं, उत्साही म्हणणं खोटं वाटत नाही. दुसरा उपयोगी अभ्यास केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांचा, २००३ मधला. आपली घबराट समोरच्यांना जेवढी दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटतं, त्यापेक्षा ती त्यांना कमी दिसते. आणि ही गोष्ट आधी सांगितलेल्या लोकांची भाषणंही अधिक चांगली झाली. तेव्हा "माफ करा, मी जरा घाबरलोय" अशी सुरुवात करू नका. कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, तुम्हीच लक्ष वेधता.

मध्येच डोकं रिकामं झालं तर क्रम ठरलेला असू द्या. ओठ मिटा. कार्डाकडे बघा, घाई न करता. मागचं वाक्य शब्द बदलून पुन्हा म्हणा, बऱ्याचदा पुढचं त्यातूनच आठवतं. नाहीच आठवलं तर पुढच्या ओळीवर जा. वगळलेला मुद्दा तुमच्याशिवाय कुणाला माहीत नसतो. सरावात हे मुद्दाम करून बघा. मित्राला सांगा, भाषणाच्या मध्ये कधीही टाळी वाजव. टाळी वाजली की थांबायचं, पाच सेकंद गप्प राहायचं, कार्ड बघून पुन्हा सुरू करायचं. प्रत्यक्ष सभेत गाडी अडली तर ती ओळखीची जागा वाटते.

माइक

चांगली तयार झालेली भाषणं माइकपाशी वाया जातात, आणि याचा सराव जवळपास कुणी करत नाही. हातातला माइक हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका धरा. सरळ तोंडासमोर धरला की प, फ, भ यांच्या हवेचा झोत जाळीवर आदळतो आणि स्पीकरमधून धप्प आवाज येतो. मान वळवाल तिकडे माइकही वळला पाहिजे. सगळ्यात सोपं म्हणजे माइकचा हात छातीला टेकवून ठेवा आणि वळताना कमरेपासून वळा. जाळी मुठीत पकडू नका. आवाज दबका होतो, आणि बाजूचा आवाज न घेण्याची माइकची क्षमता जाते, त्यामुळे शिट्टी वाजायला लागते. शिट्टी वाजली की माइक स्पीकरपासून लांब न्या आणि स्पीकरच्या पुढून मागे सरका. माइक हाताने झाकलात तर ती वाढते.

पोडियमचा माइक बोलायला सुरुवात करण्याआधी आपल्या उंचीला आणा, दोन सेकंद लागले तरी चालतील. वाकून बोललात तर पोट दाबलं जाऊन श्वास अपुरा पडतो. कॉलरचा माइक हनुवटीच्या वीतभर खाली लावा, ओढणी किंवा साखळी त्याला घासणार नाही असा. तपासताना माइकवर फुंकर मारू नका, टकटकही नको. आपलं पहिलं वाक्य म्हणा. तीच खरी पातळी असते, आणि तुमचीही एक उजळणी होते. हे कार्यक्रमाआधी अर्धा तास, खुर्च्या रिकाम्या असताना करा. मोठ्या, रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो. माणसं भरली की घुमणं कमी होतं, पण पुरतं जात नाही, म्हणून तिथे थांबे नेहमीपेक्षा लांब ठेवा.

स्लाइड असतील तर एकच सांगतो. त्या वाचून दाखवू नका. लोक तुमच्यापेक्षा लवकर वाचून मोकळे होतात आणि वाट बघत बसतात. महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा पडदा काळा करा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना बी हे बटण दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो.

वेळ कापला गेला, प्रश्न आले, आयत्या वेळी उभं केलं

दहा मिनिटांसाठी बोलावलं असेल तर तयारी आठ मिनिटांची करा. समोर माणसं असली की थांबे, हशा, माइकची खटपट यांत वेळ जातो. आधीचे वक्ते लांबले की "पाचच मिनिटांत आटपा" अशी चिठ्ठी येते. अशा वेळी सगळं भाषण दुप्पट वेगाने म्हणणं ही सर्वांत वाईट निवड. कार्डावर आधीच दोन ओळींना चौकट करून ठेवा, वेळ कमी पडला की त्या गाळायच्या. भाजण्याच्या भाषणात मी तिसरी आणि चौथी ओळ गाळेन, पहिली कधीच नाही. शेवटचं पाठ केलेलं वाक्य कुठल्याही परिस्थितीत राहिलंच पाहिजे.

प्रश्नोत्तरांची पायरी सर्वांत शेवटी चढा. प्रश्न पूर्ण ऐका, मग तो मोठ्याने, थोडक्यात पुन्हा सांगा. मागच्यांना तो ऐकू गेलेला नसतो, आणि तुम्हाला विचार करायला पाच सेकंद मिळतात. उत्तर अर्ध्या-पाऊण मिनिटात संपवा. माहीत नसेल तर "हे मला माहीत नाही, शोधून कळवतो" म्हणा आणि खरोखर कळवा. भाषणात वाद घालायला उभा राहिलेल्याला पहिलं वाक्य त्याच्याकडे बघून द्या आणि उत्तराचं शेवटचं वाक्य दुसऱ्या कोपऱ्याकडे बघून संपवा. नजर त्याच्यावर राहिली की तो पुन्हा बोलतो. प्रश्न संपले की शेवटचं वाक्य पुन्हा म्हणून खाली या. नाहीतर सभा कुणाच्या तरी भरकटलेल्या प्रश्नावर संपते.

आयत्या वेळी उभं केलं तर मजकूर शोधायचा नाही, साचा वापरायचा: एक मत, त्याचं एक कारण, एक उदाहरण, पुन्हा मत. खुर्चीतून उठून माइकपर्यंत जायला जी आठ-दहा सेकंद मिळतात, त्यांत फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य ठरवा. टोस्टमास्टर्समध्ये अशा भाषणाला एक ते दोन मिनिटं देतात आणि तेवढी पुरतात. रोज जेवणाआधी चिठ्ठी काढून तीवरच्या शब्दावर दीड मिनिट बोला: छत्री, उशीर, जुना फोन, काहीही. दीड मिनिटाला गजर लावा, आणि तो वाजला की वाक्य अर्धवट न तोडता, क्रियापदापर्यंत नेऊन थांबा.